सपाट वळण

चाकं जमिनीवरून सुटली आणि विमान उजवीकडे कललं. उजवा पंख खाली चालला होता, आणि त्याच्या टोकाची झडप त्याला सावरायचं सोडून आणखी खाली ढकलत होती. खाली उभ्या एमेटला लगेच कळलं. झडपांच्या तारा उलट्या ओवल्या गेल्या होत्या. त्या त्यानेच ओवल्या होत्या.

उडण्याआधी वैमानिकाने आत बसून दांडा हलवायचा आणि तारा ओवणाऱ्याने पंखाशी उभं राहून झडप वर गेली की खाली ते ओरडून सांगायचं, अशी कारखान्याची रीत. दोन मिनिटांचं काम. आज मालकाने ते करू दिलं नाही. हे तिसरं विमान. पहिली दोन जड झाली म्हणून मोडीत निघाली होती, आणि हे बघायला पाच गिऱ्हाइकं आली होती. घोडा विकायला काढल्यावर आपणच त्याचे दात तपासत बसायचं नसतं, असं मालकाने एमेटला कानात सुनावलं. एमेट पंखापासून बाजूला झाला. तीही त्याचीच चूक.

पंखाचं टोक गव्हाच्या खुंटांना लागणार, तेवढ्यात विमान सरळ झालं. वैमानिक व्हर्नलाही तारा उलट्या असल्याचं कळलं होतं. त्याने पंख कलवणं सोडूनच दिलं आणि पायांनी नुसती शेपटी वळवत भलंमोठं वळण घ्यायला सुरुवात केली.

मालक गिऱ्हाइकांना म्हणाला, "बघा, कसं सपाट वळतंय. बायकोच्या मांडीवर अंड्यांची टोपली ठेवा, एक फुटायचं नाही."

नेब्रास्काहून आलेला एक शेतकरी मान डोलवत होता. वर माणूस मरणाशी झटत होता आणि खाली मालक ते झटणं विकत होता.

उतरताना बाजूच्या वाऱ्याने डावा पंख उचलला. पंख थरथरला, खाली आला. विमान दोनदा उसळलं आणि कुंपणाच्या अलीकडे थांबलं. एमेट धावत सुटला. मागोमाग मालक, आणि गिऱ्हाइकंही.

"तारा मी उलट्या ओवल्या," एमेट म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मालकाने त्याचा दंड धरला. त्याने तो झटकला.

"कळलं मला, वर गेल्या गेल्या." व्हर्नचे ओठ पांढरे पडले होते. "बापाची खेचरं अशीच होती. डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडे. अख्खं लहानपण ती हाकण्यात गेलं. एवढ्यासाठी का होईना, म्हाताऱ्याचे आभार मानले पाहिजेत."

मग ते सपाट वळण काय होतं, असं नेब्रास्कावाल्याने विचारलं. मालक कारखान्याकडे चालू लागला.

"उतर आता," एमेट म्हणाला.

"उतरलो असतो. पण हा सुटत नाही."

त्याची मूठ दांड्यावर तशीच आवळलेली होती. एमेट खालच्या पंखावर चढला, आत वाकला आणि एकेक बोट उलगडू लागला.

"सावकाश," व्हर्न म्हणाला. "पाचही लागतात मला."

तिसऱ्या बोटाशी दोघांनाही हसू फुटलं, आणि उलगडलेली बोटं पुन्हा आवळली गेली.