फणसाला लावायचा हात

सुगंधा रहाटेने तीस वर्षं कारखान्यात फणस फोडले. गरे डब्यात जायचे आणि उरलेली चारखंडं, म्हणजे काटेरी सालं आणि आतला चोथा, मागच्या ढिगावर. ढीग कुजून वास सुटला, की तीच नाक मुरडायची.

शिमग्यात तिच्या नवऱ्याचं, दत्तारामचं हृदय दोनदा थांबलं होतं. आज त्याच्या छातीवरचे ऑपरेशनचे टाके सुकलेत का, हे बघून तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, आत बसवलेली बॅटरी तुम्ही सांगता त्या ढिगातल्यासारख्या चारखंडांपासूनच केलेली. ठोका तीच देते. बघा हात लावून."

सुगंधाने पुढे केलेला हात मागे घेतला. पिशवीतून खोबरेलाची बाटली काढून तिने दोन्ही तळव्यांना तेल चोळलं.

दत्ताराम हसला. "अगो, चीक नाही लागायचा!"

"तुम्ही गप पडून ऱ्हावा. फणसाला कोरडा हात लावीत नाहीत."

तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला. ठोका आला. मग दुसरा, संथ आणि भरदार. तिला कारखान्यामागचा ढीग आठवला, माडाएवढा उंच. किती माणसांचे श्वास तिने फावड्याने ओढून टाकले होते!

तेल लावलं होतं, तरी हात काही सुटेना.