त्रेचाळीस सह्यांची हरकत

काशीदला आमच्या घरासमोरच एका नाइट क्लबचं फाटक आहे. तिथे येणाऱ्या गाड्यांच्या आवाजाने आजारी बाबांना झोप लागत नसे. क्लबने दारू परवान्याच्या अटी बदलून मागितल्याचं कानावर आलं, तेव्हा मी त्याच दिवशी हरकत लिहिली आणि सह्या घ्यायला कोळीवाडाभर फिरले.

"त्यांच्या अर्जात काय हाय गो?" सोनूकाकीने विचारलं.

"वेळ वाढवून मागत असतील. दुसरं काय मागणार?"

"तू शिकलेली. दाखव, अंगठा कुठं करू?"

त्रेचाळीस जणांनी हरकत घेतली. क्लबचा अर्ज चार महिने अडकला. बाबा तिसऱ्या महिन्यात गेले.

काल सुनावणी झाली. "माझे वडील शेवटपर्यंत धड झोपले नाहीत," मी अधिकाऱ्यांना सांगितलं. क्लबचा मालक मान खाली घालून बसला होता. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि त्याचा मूळ अर्ज वाचायला घेतला.



"समोरील घरात एक वृद्ध आजारी आहेत. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून क्लबचे फाटक मागील रस्त्याला हलवण्यास परवानगी मिळावी."