म्हातारी शेवटी काय करते

“म्हातारी शेवटी काय करते?” नेत्रानं फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“विहिरीत जीव देती,” विजयेंद्र म्हणाला. “पाठ झालंय सगळं. एवढी घाबरायलीस कामून?”

घाबरणार नाही तर काय! त्या एका मराठी कादंबरीपायी तिच्या वडिलांनी, अप्पांनी, दोन स्थळं घालवली होती. पहिल्यानं ती वाचलीच नव्हती. दुसरा कडगंचीच्या विद्यापीठात शिकवणारा. तो म्हणाला, म्हातारी शेवटी जगते. “न वाचता थापा मारायलाय,” म्हणत अप्पांनी चहा संपायच्या आत त्याला वाटेला लावलं. आणि विजयेंद्र तर कोळारच्या कारखान्यात सुपरवायझर, शाळा सगळी कन्नडमधली. पण नेत्राला तोच हवा होता. दुसरा कुणी नको.

अप्पांचं, म्हणजे पांडुरंगराव गुरुजींचं, त्या कादंबरीवरचं भाषण हळ्ळीखेडात लहानथोरांना ठाऊक. तीस वर्षं दर मेळाव्यात तेच. नेत्रानं तेच विजयेंद्रला पढवलं. पुस्तक घरातच होतं, पण देवघरात, लाल कापडात बांधलेलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. एरवी हात लावायची कुणाची टाप नव्हती.

रविवारी विजयेंद्र आला. नेत्रा दाराआड उभी राहिली.

“कादंबरी वाचलीत?” अप्पांनी पोह्यांआधीच विचारलं.

“व्हय. दोनदा.”

“कशी वाटली?”

“असं पुस्तक पुन्हा होणे नाही. एकेक वाक्य म्हणजे मोती.”

अप्पांचंच वाक्य, जसंच्या तसं! मेल्या, जरा तरी बदलून सांग, नेत्रा मनात म्हणाली.

“आणि शेवट?”

विजयेंद्रनं रुमालानं कपाळ टिपलं. “म्हातारी विहिरीत जीव देती. मला तर रडूच आलं.”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नेत्राला वाटलं, संपलं सगळं.

“अनसूया,” त्यांनी आत नेत्राच्या आईला हाक मारली, “साखर आण. तोंड गोड करा जावयांचं.”

नेत्राच्या जिवात जीव आला.

निघताना अप्पा स्वतः विजयेंद्रला फाटकापर्यंत सोडायला गेले. नेत्राही मागोमाग गेली आणि तुळशीपाशी थांबली. अप्पांनी मोटारसायकलच्या हँडलवर हात ठेवला, घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

“आता घरचेच झालात म्हणून विचारतो. कुणाला सांगू नका. तो कडगंचीवाला बोलून गेल्यापासून जिवाला घोर लागलाय बघा. तुम्ही तर दोनदा वाचलीय... म्हातारी खरंच मरती न्हवं?”