पायरीजवळचा वाफा

मास्तरीणबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या, तेव्हा त्यांच्या बागेची किल्ली त्यांच्या एका धाकट्या मैत्रिणीने हक्काने मागून घेतली. थंडी सरताच ती खुरपं घेऊन गेली, पायरीजवळच्या वाफ्यात माजलेलं बारीक हिरवं तण मुळासकट उपटलं आणि स्वच्छ वाफ्याचा फोटो बागवाल्या ग्रुपवर टाकला. "आमच्याकडेही ये गं बाई!" म्हणत सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तिनेही ते पोटभर करून घेतलं.

मास्तरीणबाई काठी टेकत परतल्या. वाफा बघून म्हणाल्या, "किती राबलीस गं! पोटची पोर नसती राबली."

"अहो, त्यात काय एवढं!"

"हे गेले, पण त्याआधी इथं कॉसमॉसच्या फुलांचं मूठभर बी टाकून गेले. तेव्हापासून दरवर्षी या दिवसांत आपोआप उगवतं. तुला एकही कोंब दिसला नाही का गं?"

जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. "नाही हो," ती कशीबशी म्हणाली.


"मग येईल आता. एक खुर्ची आणून दे बघू इथं, मी बसते वाट बघत."