शेवटची कुपी

आइंडहोवनच्या प्रयोगशाळेत बाबांची सहकारी लिडेवाय हिनं गोठलेल्या रक्ताची कुपी माझ्या हातावर ठेवली. झाकणावर बाबांचं तिरकं अक्षर होतं. “नियम धाब्यावर बसवून तुझ्या म्हाताऱ्यानं स्वतःचंच रक्त वापरलं! प्रथिनासारखी आपणहून घडी होणारी त्याची रेणूंची साखळी पाण्यात शहाण्यासारखी वागायची, रक्तात उलगडायची. मरण्यापूर्वी त्यानं नवी बनवली. ती ह्याच रक्तात तपासायला हवी, पण एवढंच उरलंय. हवं तर घरी ने. सायकलच्या पिशवीत मावेल.” बाबा ह्या थेंबांत होते की त्या साखळीत? मी मूठ आवळून उभी राहिले. “अगं, बोल काहीतरी!” मी मूठ उघडली. कुपीतला खडा वितळला होता. तिनं कपाळावर हात मारला. “हे पुन्हा गोठवलं तर निकामी होईल. आजच वापरायला हवं.” मी कुपी दिली. रिकामी मूठ मात्र आपणहून मिटली.