घरच्या माणसाचं रेकॉर्डिंग

"मैंने ऐसा कुछ कहा ही नहीं," टीव्हीवर दीनानाथकाका शांतपणे सांगत होते आणि हिमानीच्या पायाखालची जमीन सरकत होती.

काल तिने दिलेली बातमी तिच्या नावानिशी पहिल्या पानावर होती. नव्या उड्डाणपुलाच्या काँक्रीटमध्ये भेसळ! पंचविशीतल्या पोरीने अख्खं लखनौ हलवलं होतं. ठेकेदार गजेंद्र सिंह म्हणजे साधं प्रकरण नव्हे. तिने चौकशी सुरू केल्यापासून त्याची माणसं जीप घेऊन मानक नगरातल्या तिच्या घरासमोर ठाण मांडून होती. तरी पोरगी हटली नाही. पुलाचे नमुने तपासणारे इंजिनिअर दीनानाथकाकाच "माझं नाव घाल बिनधास्त" म्हणाले होते, मग भ्यायचं कशाला?

काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. त्यांच्याशिवाय या घरात गणपतीची आरती होत नसे. पोहे खाता खाता त्यांनी सगळं सांगितलं. हिमानीने रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे केला, तेव्हा बाबा, म्हणजे रमाकांत, केवढे उखडले होते!

"अगं, घरच्या माणसाचं कसलं रेकॉर्डिंग करतेस? शोभतं का?"

ती ओशाळली. फोन पर्समध्ये गेला.

आता संपादकांनी फोनवर एवढंच विचारलं, "रेकॉर्डिंग है?"

"नहीं, सर."

"तो कल से मत आना।"

झालं! एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव एका दुपारी मातीमोल. शहरातला एकही पेपर आता तिला दारात उभं करणार नव्हता. पण रडायलाही तिला सुचेना, इतकी ती घाबरली होती. पेपर पाठीशी होता तोवर ठीक; आता गजेंद्रच्या माणसांना कोण अडवणार? तिने दाराला कडी घातली, खिडक्या लावून घेतल्या.

"बाबा, ते आज ही आएँगे, मैं बता रही हूँ! आपण आत्याकडे नागपूरला जाऊ या ना."

रमाकांत चहा ढवळत बसले होते. "कुणी येणार नाही. बाहेर बघ, जीप गेली."

तिने पडद्याआडून पाहिलं. खरंच गेली होती. तिला उलट जास्तच धडकी भरली.

"का गेली? तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"खोटी पडलेल्या पोरीला कुणी मारत नाही, बाळा. दीनानाथ शब्द फिरवायला तयारच नव्हता गं. मीच त्याच्या पाया पडलो."