चौथं टेम्प्लेट

ताईच्या ब्लॉगसाठी धाकट्या भावाने खपून तीन टेम्प्लेट्स बनवली होती. ताई मात्र डोळे मिटून बसली आणि तिने फोनला तिन्ही मोठ्याने वाचायला लावली. पहिल्यात फोन नुसता "चित्र, चित्र, चित्र" म्हणत राहिला. दुसऱ्यात मजकुराआधी अख्खा मेनू ऐकावा लागला. तिसऱ्यात तिच्या बोटाला लिहायचं बटण सापडता सापडेना.

"तिन्ही नकोत," ताई म्हणाली.

भावाचा पारा चढला. "न बघताच नाक मुरडतेस? लोक ब्लॉग आधी बघतात, मग वाचतात. एकदा डोळे उघडून रंग तरी बघ."

ताईने डोळे उघडले. तिसऱ्या टेम्प्लेटचा निळा रंग ती बराच वेळ बघत राहिली. "हा ठेव, फार गोड आहे," म्हणाली, आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

"अगं, मग आता काय झालं?"

"डॉक्टर म्हणाले, वर्षभर दिसेल, पुढची खात्री नाही. मला तर पुढेही लिहायचंय. दिसतंय तोवर हाताला वळण लावून घेते."

भावाने लॅपटॉपची स्क्रीन बंद केली, फोन दोघांच्या मधे ठेवला आणि स्वतःचेही डोळे मिटले.

"चल, चौथं करायला घेऊ," तो म्हणाला. "ब्लॉग उघडल्याबरोबर पहिलं काय ऐकू यायला हवं, सांग."